चार-पाच ओव्यांच्या पलीकडे : नवे साहित्यसिद्धांत आणि 'क्रिस्तपुराण'

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या मी वीसहून अधिक वर्षे वर्गात शिकवत आले. त्या कशा शिकवायच्या हे ठरून गेले होते. आधी कवीचा परिचय, मग उपमांची यादी, मग 'एका इंग्रजाने मराठीचा केलेला हा गौरव' असे वाक्य. परीक्षेत प्रश्नही तोच येई आणि उत्तरही तेच. एके वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सासष्टीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत असे तुम्ही म्हणालात. मग बाकीच्यांत काय आहे?"

"बायबलमधील कथा," मी म्हणाले. उत्तर चुकीचे नव्हते, पण ग्रंथ वाचलेल्या माणसाचे ते उत्तर नव्हते. मला पीएच.डी. मिळून तोवर बरीच वर्षे झाली होती. साहित्यसिद्धांतांवरची पुस्तके मी वाचली होती, त्यांच्यावर व्याख्यानेही दिली होती. ज्या ग्रंथाचा अभिमान मी दरवर्षी वर्गात सांगत होते, तो मात्र सलग वाचलेला नव्हता.

त्यानंतर मी तो वाचला. त्या वाचनात नव्या सिद्धांतांनी मला काय दिले आणि काय दिले नाही, हे या लेखात सांगायचे आहे. सिद्धांतांची यादी देणारी पुस्तके आता मराठीत पुरेशी आहेत. एकाच ग्रंथाला निरनिराळे सिद्धांत कोणते प्रश्न विचारतात, हे पाहणे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना अधिक उपयोगाचे होईल असे वाटते.

सिद्धांत की साचा?

आपल्याकडील प्रबंधांची शीर्षके पाहिली तर एक रीत दिसते. 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांचा स्त्रीवादी अभ्यास', 'तमुक कवीच्या कवितेचा देशीवादी अभ्यास'. पहिल्या प्रकरणात सिद्धांताची माहिती, दुसऱ्यात लेखकाचे चरित्र, तिसऱ्या-चौथ्यात सिद्धांताचे 'उपयोजन' आणि शेवटी निष्कर्ष. तो निष्कर्ष बहुधा शीर्षकातच असतो. कादंबरी बदलली तरी प्रबंध बदलत नाही. मीही असे प्रबंध तपासले आहेत आणि त्यांवर अनुकूल अहवाल दिले आहेत.

यात दोष सिद्धांताचा नाही. आपण त्याला साचा समजतो, ही खरी अडचण आहे. सिद्धांत हा मुळात एक प्रश्न असतो. तो आधी कोणी विचारलेला नसतो, म्हणून त्याला 'नवा' म्हणायचे. मी एक साधी कसोटी वापरते. आपण विचारलेल्या प्रश्नाला संहिता 'नाही' असे उत्तर देऊ शकते का? देऊ शकत असेल तर तो अभ्यास. प्रत्येक संहिता 'होय' असेच म्हणणार असेल, तर तो केवळ शिक्का मारण्याचा उद्योग.

'क्रिस्तपुराणा'विषयी थोडी माहिती आधी द्यायला हवी. स्टीफन्स १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्यात आले. ते जेजुइट होते आणि त्यांचे बरेचसे आयुष्य सासष्टीत गेले. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे, म्हणजे जुन्या रायतूरला, रोमी लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या करारातील कथा येतात, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अध्यायाला ग्रंथात 'अवस्वरु' म्हटले आहे.

पहिला प्रश्न : हे कोणासाठी लिहिले?

जुन्या समीक्षेचा मुख्य प्रश्न असे : कवीला काय म्हणायचे आहे? १९६७ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टन्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी दिलेल्या व्याख्यानापासून प्रश्नाचा रोख वाचकाकडे वळला. प्रत्येक काळातील वाचक काही अपेक्षा घेऊन पुस्तकाकडे येतो. याउस यांनी त्याला 'अपेक्षांचे क्षितिज' म्हटले. त्यांचे सहकारी वोल्फगांग इझर यांनी आणखी एक मुद्दा मांडला. संहितेच्या बांधणीतच एक 'अभिप्रेत वाचक' असतो. प्रत्यक्ष वाचक येण्याआधीच लेखकाने त्याची जागा राखून ठेवलेली असते.

हा प्रश्न घेऊन 'क्रिस्तपुराण' उघडले की पहिल्याच अवस्वरूत उत्तर मिळते. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण त्याच्याकडे येतो आणि साधारण असे म्हणतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तुम्ही आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाची निर्मिती या मागणीतून झाल्याचे ग्रंथच सांगतो. पुढेही श्रोते मधून मधून प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो. पुराणकथनाची ही रीत आपल्या ओळखीची आहे. वक्ता एकटा बोलत नाही. श्रोत्याने विचारल्यावाचून कथा पुढे सरकत नाही.

ग्रंथाला जोडलेल्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स आपला वाचक आणखी स्पष्ट करतात. हे सर्व मराठी भाषेत लिहिले आहे, असे ते सांगतात. पण शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही; म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द जागोजागी मिसळून कवित्व सोपे केले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. 'ब्राह्मणांची भाषा' म्हणजे येथील बोलीची भाषा, म्हणजे कोकणी, असा अर्थ अभ्यासक लावतात.

गोव्यात हे वाक्य सहजपणे वाचता येत नाही. भाषावादाच्या काळात स्तुतीच्या ओव्यांचा वापर प्रमाणपत्रासारखा झाला. एका बाजूने त्या मराठीच्या हक्काचा पुरावा म्हणून पुढे केल्या, तर दुसऱ्या बाजूने मिसळलेल्या शब्दांकडे बोट दाखवले. मीही वर्गात त्या ओव्या प्रमाणपत्र म्हणूनच वाचल्या होत्या, हे मान्य करते. ग्रंथ कोणत्या भाषेच्या मालकीचा, हा प्रश्न स्टीफन्स यांच्यासमोर नव्हता. काव्याला कोणती भाषा साजते आणि ती ऐकणाऱ्याला किती कळते, एवढाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. याच लेखकाने प्रश्नोत्तररूप 'दौत्रीन क्रिस्तां' कोकणीत लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये निघाले. शिकवणीला बोलीची भाषा, पुराणाला काव्याची भाषा आणि पुराण सगळ्यांना कळावे म्हणून काव्याच्या भाषेत बोलीचे शब्द, अशी ही विभागणी आहे. सतराव्या शतकातील सासष्टीत एकच माणूस दोन भाषा दोन कामांसाठी कशा वापरत होता, हे येथे दिसते. आपला वाद या विभागणीत बसत नाही. संहिता आपल्याला 'नाही' म्हणते ते असे.

दुसरा प्रश्न : या संहितेत आणखी कोणत्या संहिता आहेत?

१९६० च्या दशकात ज्युलिया क्रिस्तेव्हा यांनी आंतरसंहितात्मकतेची कल्पना मांडली. कोणतीही संहिता एकटी नसते. ती इतर संहितांना सामावून घेत आणि बदलत तयार होते. आपल्याकडे पूर्वी याला 'प्रभाव' म्हणत. प्रभाव शोधताना आपण ऋण मोजतो : अमक्याने तमक्याकडून काय घेतले? आंतरसंहितात्मकतेचा प्रश्न वेगळा आहे : घेतलेल्या गोष्टीचे नव्या जागी काय होते?

स्टीफन्स यांनी ओवी घेतली, पुराण हे नाव घेतले आणि आरंभीच्या नमनाची रीत घेतली. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. प्रभावाच्या भाषेत 'स्टीफन्स यांच्यावर संतकाव्याचा प्रभाव होता' असे लिहून आपण पुढे गेलो असतो. पण 'वैकुंठ' शब्द ऐकताना सासष्टीतील श्रोत्याच्या मनात काय येत असेल? शब्दाबरोबर विष्णू येतो की फक्त सुखाची जागा येते? आणि विष्णू येऊ नये म्हणून कवीला पुढे काय काय करावे लागते? एक शब्द घेतला की त्याच्या शेजारच्या दहा शब्दांचा बंदोबस्त करावा लागतो. ग्रंथाच्या कित्येक पानांवर कवी हेच काम करताना दिसतो.

पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात गोव्यातून गेलेली जुनी हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारतातील कथा रोमी लिपीत कोकणी गद्यात उतरवून घेतलेल्या आहेत, तसेच मराठी काव्यही आहे. ज्या पुराणांना बंदी होती, तीच मिशनरी बसून लिहवून घेत होते आणि शिकत होते. 'क्रिस्तपुराणा'ची ओवी इतकी सराईत का वाटते, याचे एक कारण या हस्तलिखितांत आहे. केवळ प्रतिभेवर बोट ठेवून येथे भागत नाही.

तिसरा प्रश्न : सत्ता कुठे आहे?

एडवर्ड सैद यांचे 'ओरिएंटॅलिझम' १९७८ मध्ये आले आणि वसाहतकालीन लेखनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ज्ञान निरागस नसते, जिंकणारा ज्यांना जिंकतो त्यांच्याविषयी लिहितो तेव्हा ते लेखनही सत्तेचा भाग असते, हा त्यातील मुख्य धागा. होमी भाभा यांनी 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) या ग्रंथात त्यात भर घातली. जेते आणि जित यांच्या संबंधात दोघेही बदलतात आणि त्यातून संकर घडतो, असे त्यांनी दाखवले.

हा प्रश्न टाळून 'क्रिस्तपुराण' शिकवणे मला आता प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेजुइट मारले गेले आणि नंतर बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकऱ्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. येथील भाषांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यात त्यांनी म्हटले आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात या पत्राचा गौरवाने उल्लेख होतो. वर्गात मी आता दोन्ही गोष्टी एकत्र सांगते : कुंकळ्ळी आणि पत्र, एकच वर्ष.

म्हणजे हा ग्रंथ केवळ धर्मांतराचे साधन होता, असे म्हणून थांबायचे का? येथेही संहितेला विचारले पाहिजे. आपली पुराणे गेल्याचे दुःख ग्रंथातील त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात नोंदले गेले आहे. ते मिशनऱ्याच्याच लेखणीतून आले असले, तरी आले आहे. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. तेव्हा सत्तेला स्टीफन्स यांचा भाषेविषयीचा मार्गही नकोसा झाला होता. १७५९ मध्ये जेजुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून घालवले गेले. तरीही ख्रिस्ती कुटुंबांनी या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. ज्यांच्यावर ग्रंथ लादला गेला असे आपण म्हणतो, त्यांनीच तो पुढे वाचवला. 'सामरस्याचे काव्य' हे गोड वर्णन १५६७ पुढे टिकत नाही आणि 'सत्तेचे हत्यार' हे कडू वर्णन त्या हाताने लिहिलेल्या प्रतींपुढे टिकत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. सैद यांची मांडणी मुख्यतः अठराव्या शतकानंतरच्या फ्रेंच आणि ब्रिटिश लेखनावर उभी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातील गोव्याला ती जशीच्या तशी लावली तर बसत नाही. परक्या मापाचा सदरा घातला की कुठे आवळतो आणि कुठे ढिला राहतो, हे सांगणे हेही संशोधनच आहे.

चौथा प्रश्न : आपण नेमके काय वाचतो आहोत?

हा प्रश्न सर्वांत साधा आहे आणि सर्वांत उशिरा सुचतो. डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत संहितांच्या समाजशास्त्राची कल्पना मांडली. कागद, लिपी, खिळे, छपाई, प्रत करणारा हात या सर्वांचा अर्थनिर्मितीत वाटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे पाठचिकित्सेची परंपरा चांगली आहे. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना हे सांगायला नको. नव्या ग्रंथेतिहासाने तिच्यात समाजाचा प्रश्न घातला.

'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळुरूला जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून रोमी लिपीतील आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतील हस्तलिखित असल्याचे जस्टिन ॲबट यांनी दाखवले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ती आली आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्राग यांची.

याचा परिणाम शब्दाशब्दावर होतो. रोमी प्रतींत ख्रिस्ती विधींसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात, तिथे मार्सडेन प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द अधिक आहेत. आधीचे कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणजे 'स्टीफन्स यांची शब्दकळा' असे आपण सहज लिहितो, तेव्हा कोणत्या प्रतीतील शब्दकळा, हे सांगावे लागते. रोमी लेखनात ह्रस्व-दीर्घाचा भेद नेमका कळत नाही. नागरीत आणताना तो संपादकाला ठरवावा लागतो. आपण ओवीची लय म्हणून जिचे कौतुक करतो, तिच्यात संपादकाच्या निर्णयाचाही वाटा असतो. आणि रोमी लिपी ही कवीची पहिली निवड नव्हती. देशी लिपीत ग्रंथ छापावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. अक्षरे फार, साचे फार, म्हणून ते राहून गेले. पुढे लिपीवरून झालेले वाद आठवले की हे पत्र वाचताना थांबावे लागते.

वर्गासाठी एक सूचना

हे चार प्रश्न एकमेकांना खोडत नाहीत, पण एकमेकांना मोकळेही सोडत नाहीत. वाचकाचा प्रश्न विचारताना प्रतीचा प्रश्न अडवतो : कोणत्या प्रतीचा वाचक? सत्तेचा प्रश्न विचारताना आंतरसंहितात्मकता आठवण करून देते की हुकूम देणाऱ्यालाही श्रोत्याची ओवी शिकावी लागली. म्हणून एका प्रबंधाला एकच सिद्धांत, हा आपला अलिखित नियम मला आता पटत नाही. नेमाडे यांचा देशीवाद असो, स्त्रीवाद असो वा उत्तरवसाहतवाद, कोणत्याही सिद्धांताचे नाव शीर्षकात घालण्याआधी विद्यार्थ्याने आपला प्रश्न एका साध्या वाक्यात लिहावा आणि त्याखाली लिहावे : कोणता पुरावा मिळाला तर माझे म्हणणे चूक ठरेल? हे दुसरे वाक्य लिहिता आले नाही, तर विषय अजून तयार झालेला नाही.

आमच्या वर्गात मी एक बदल केला. स्तुतीच्या ओव्या अभ्यासक्रमात आहेत, त्या शिकवतेच. पण प्रत्येक विद्यार्थ्याला एक एक अवस्वरु वाटून देते. त्यात कोण कोण बोलते, कोणाचा उल्लेख येतो पण त्याला बोलायला मिळत नाही, आणि कोणता शब्द अडला, एवढ्याच तीन नोंदी मागते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा १९८८ मधला प्रसिद्ध निबंध मी त्यानंतर शिकवते, आधी नाही. तळागाळातील माणसाला बोलता येते का, हा त्यांचा प्रश्न तोवर मुलांनी आपापल्या पानांवर स्वतः विचारलेला असतो. ब्राह्मणाला प्रश्न विचारता येतो, तर सासष्टीतील कुणब्याला आणि बाईला का नाही, असे एका मुलाने वहीत लिहिले होते. मी त्याला निष्कर्ष काढू दिला नाही. आणखी दहा अवस्वरु वाच म्हणाले.

सुरुवातीला जिचा उल्लेख केला, ती विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा तिने मला विचारले, "मॅडम, पूर्ण वाचलंत?" मी हो म्हणाले. मग तिने दुसऱ्या भागातील एका प्रसंगाविषयी विचारले आणि मला पुन्हा पुस्तक उघडावे लागले.